पडक्या वाड्यासारखं गुणसूत्र: कुष्ठरोगाच्या जीवाणूनं काय काय गमावलं

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीत आशाताई घरोघरी फिरत होत्या. ३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोगविरोधी दिन, त्याच्या आगेमागे ही पाहणी असते. "अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का? तिथं हात लावलेला कळतो का?" असं विचारत त्या पाठ, दंड, कानाच्या पाळ्या बघत होत्या. समोरच्या काकूंच्या दंडावर पांढुरका डाग होता. ताईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं, बॉलपेनाचं टोक त्या डागावर अगदी हलकं टेकवलं आणि विचारलं, "कुठं लागलं, बोट ठेवा." काकूंनी बरोबर तिथं बोट ठेवलं. डाग साधा निघाला.

माझी पुतणी मायक्रोबायॉलॉजी शिकते. ताई पुढच्या घरी गेल्यावर ती म्हणाली, "काका, आम्हाला वर्गात सांगितलं की हा जंतू लॅबमध्ये वाढतच नाही. काहीही खायला घाला, वाढत नाही. मग माणसाच्या अंगात तो वर्षानुवर्षं कसा राहतो?"

प्रश्न चोख आहे. जीवाणूंचं गुणसूत्र काळाच्या ओघात कसं बदलतं, हे त्याच्या उत्तरातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच उदाहरणातून मला दिसलेलं नाही.

आधी दोन-तीन शब्द

जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. तो काय खाणार, भिंत कशी बांधणार, स्वतःची प्रत कशी काढणार, ही सगळी माहिती डीएनए नावाच्या लांबलचक धाग्यावर लिहिलेली असते. हा धागा म्हणजे त्याचं गुणसूत्र. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, जीवाणूत बहुधा एकच आणि तेही बांगडीसारखं गोल. धाग्यावरच्या लिपीत अक्षरं फक्त चार. एखादं काम करायला लागणाऱ्या सूचनेचा सलग मजकूर म्हणजे जनुक. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूच्या गुणसूत्रावर सुमारे ४६ लाख अक्षरं आणि चार हजारांवर जनुकं असतात.

एका जीवाणूचे दोन होताना हा सगळा मजकूर नकलून काढला जातो. नक्कल कमालीची अचूक असते, पण शंभर टक्के नाही. एखादं अक्षर बदलतं, एखादं गळतं, कधी मोठा तुकडाच निसटतो, कधी उलटा चिकटतो, कधी दोनदा उतरतो. कधी शेजारच्या जीवाणूकडून किंवा विषाणूकडून परका मजकूर येऊन मध्ये घुसतो. गुणसूत्राची उत्क्रांती म्हणजे या सगळ्या बदलांपैकी काय टिकलं आणि काय पुसलं गेलं, याचा हिशोब.

शरद, गरम वरण ढवळ

एक अक्षर गळल्यानं एवढं काय बिघडतं? पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. मध्ये मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही. सुरुवातीपासून तीन अक्षरं मोजायची, पुढची तीन, पुन्हा तीन.

मराठीत असं एक वाक्य घेऊ: शरद गरम वरण ढवळ. आता 'गरम'मधला ग बदलून तिथं न आला, तर 'शरद नरम वरण ढवळ'. अर्थ थोडा हलला, काम चालून जाईल. पण ग बदलला नाही, गळलाच, तर तीन-तीनच्या मोजणीत पुढचं सगळं सरकतं: शरद रमव रणढ वळ. पहिला शब्द धड, पुढं नुसती बडबड. अशा मजकुरातून उपयोगाचं काही तयार होत नाही. जनुक जागेवर असतं, ओळखूही येतं, पण मेलेलं. शास्त्रज्ञ त्याला छद्मजनुक म्हणतात. मी 'मोडकं जनुक' म्हणणार आहे.

२००१ मध्ये काय दिसलं

नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ड आर्मोअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जीवाणू शोधला. त्याचं शास्त्रीय नाव मायकोबॅक्टेरियम लेप्री. क्षयरोगाचा जीवाणू हा त्याचा जवळचा भाऊबंद. क्षयाच्या जीवाणूचं गुणसूत्र १९९८ मध्ये अक्षर न अक्षर वाचून झालं: ४४ लाख अक्षरं, सुमारे ४,००० जनुकं, आणि गुणसूत्राचा जवळपास ९० टक्के भाग कामाचा.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या स्टुअर्ट कोल यांच्या गटानं इंग्लंडच्या सँगर सेंटरबरोबर २००१ मध्ये कुष्ठरोगाच्या जीवाणूचं गुणसूत्र वाचून काढलं. ज्या वाणावर हे काम झालं त्याचं नाव 'टीएन', म्हणजे तमिळनाडू. मूळ जीवाणू तिथल्या रुग्णाच्या शरीरातला होता.

वाचून जे हाती आलं त्यानं सगळे चकित झाले. अक्षरं फक्त ३२ लाख ६८ हजार. चालू जनुकं सुमारे १,६००. मोडकी १,१०० हून अधिक! निम्म्याहून थोडा कमी भाग कामाचा, बाकी सगळा पडझडीचा ढिगारा. जीवाणूंमध्ये इतकी मोडकी जनुकं एका ठिकाणी तोवर कुणी पाहिली नव्हती. जीवाणूंची गुणसूत्रं सहसा टापटीप असतात, फुकटचं सामान बाळगत नाहीत.

क्षयाच्या जीवाणूचं गुणसूत्र शेजारी ठेवून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दोघांत जुळणारे भाग आहेत, पण ते ६५ च्या आसपास तुकड्यांत विखुरलेले, त्यांचा क्रम बदललेला. गोधडी उसवून तेच तुकडे वेगळ्या क्रमानं शिवावेत तसं.

मोडलं कुणी?

कोकणात किंवा देशावर जुन्या वाड्यांच्या गावात गेलात तर हे चित्र ओळखीचं वाटेल. घरातली माणसं शहरात गेली. मागं दोघं राहिली, तीही पुढच्या दोन खोल्यांत. स्वयंपाकघरावरचं कौल फुटलं तर पहिल्या पावसात पाणी चुलीवर पडतं, त्याच दिवशी कुणीतरी शिडी लावतं. बंद माजघरावरचं कौल फुटलं तर कुणाला कळतच नाही. पाणी मुरतं, वासा कुजतो, चार पावसाळ्यांत भिंत बसते. माजघर पाडायचं असं कुणी ठरवलेलं नसतं. ते वापरात नव्हतं, एवढंच.

गुणसूत्राचं असंच होतं, फक्त एक फरक लक्षात ठेवा. जीवाणूच्या घरी शिडी लावणारं कुणी नसतं. लागणारं जनुक मोडलं तर तो जीवाणू मरतो किंवा मागं पडतो, त्याचा वंश पुढं जात नाही. म्हणून लागणारी जनुकं शाबूत 'दिसतात'. न लागणारं जनुक मोडलं तर त्याचं काहीच अडत नाही. तो वाढतो, मुलंबाळं होतात आणि मोडकं जनुक वारशानं पुढं जातं. निवड असते ती एवढीच.

हे प्रयोगशाळेत डोळ्यांदेखत घडलेलं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलायचे १२ वेगळे वंश १२ फ्लास्कमध्ये वाढवायला सुरुवात केली. खायला ग्लुकोज, तेही मोजकं. दररोज शंभरावा हिस्सा नव्या फ्लास्कमध्ये. दिवसाला साधारण साडेसहा पिढ्या होतात. पहिल्या २,००० पिढ्यांत, म्हणजे वर्ष उलटायच्या आत, बाराच्या बारा वंशांनी रायबोज नावाची साखर पचवायची क्षमता गमावली. फ्लास्कमध्ये रायबोज नव्हतंच. त्या जनुकांच्या शेजारी डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा बसलेला होता, त्यामुळं तो भाग कापला जाण्याचं प्रमाण मुळातच जास्त होतं. शिवाय तो भाग गेलेल्यांना वाढीत एक-दोन टक्क्यांचा फायदाही झाला. म्हणजे गमावणं कधी नुसतं निष्काळजीपणाचं असतं, कधी चक्क फायद्याचं.

आयतं ताट

मग कुष्ठरोगाच्या जीवाणूची माजघरं बंद कशी पडली? त्यानं राहायची जागा बदलली. त्याचे बरेचसे भाऊबंद मातीत, पाण्यात राहतात. तिथं रोजची ददात: कधी उन्हं, कधी गारठा, आज ही साखर, उद्या ती. तिथं सगळी हत्यारं लागतात. हा मात्र आपल्या शरीरातल्या पेशींच्या आत शिरला. गिळून टाकायला आलेल्या संरक्षक पेशींत, आणि चेतातंतूंना वेटोळं घालून बसणाऱ्या श्वान पेशींत. (श्वान हे थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव, कुत्र्याशी संबंध नाही.) तिथं तापमान ठरलेलं, खाणं आयतं. ज्याला रोज दोन वेळचं भरलेलं ताट मिळतं त्याच्या घरी पाटा-वरवंटा, जातं, चूल कशाला लागते?

गेलेल्या जनुकांची यादी पाहिली की हेच दिसतं. लोह खेचून आणायची यंत्रणा गेली. ऊर्जा तयार करायच्या साखळीतला मोठा भाग गेला. अन्नाचे कितीतरी प्रकार पचवायची सोय गेली. पेशीची भिंत बांधायची जनुकं मात्र बरीचशी टिकली. भिंत त्याला यजमानाच्या घरातही स्वतःच बांधावी लागते.

आता कुणी विचारेल, इतर जीवाणूही जनुकं गमावतात, मग त्यांचं असं का होत नाही? कारण ते उसनं घेतात. आतड्यात, गटारात, मातीत हजार जातींचे जीवाणू दाटीवाटीनं राहतात आणि डीएनएचे तुकडे एकमेकांकडून मिळवत राहतात. ई. कोलायचा ओ१५७ हा रक्ती हगवण लावणारा प्रकार प्रयोगशाळेतल्या साध्या ई. कोलायशी ताडून पाहिला तेव्हा त्याच्याकडे हजारावर जास्तीची जनुकं निघाली, त्यांतली कित्येक विषाणूंनी आणून टाकलेली. पेशीच्या आत कोंडून घेतलेल्या कुष्ठरोगाच्या जीवाणूला शेजारच नाही. जे मोडलं ते मोडलं.

त्यातच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना थोडेच जीवाणू नव्या घरी रुजतात. ज्यांची रुजवण झाली त्यांच्यात एखादं मोडकं जनुक असलं, की पुढचा सगळा वंश तेच घेऊन वाढतो. लोकसंख्या छोटी असली की निवडीची चाळण सैल पडते, किंचित नुकसानीचे बदलही त्यातून निसटतात.

"पण उत्क्रांती म्हणजे प्रगती ना?"

हा समज शाळेपासून आपल्या डोक्यात पक्का बसलाय. माकडापासून माणसापर्यंत चढत जाणारं ते चित्र त्याला जबाबदार आहे. उत्क्रांतीला वर-खाली कळत नाही. आत्ता, या जागी, जो जास्त पिल्लं मागं ठेवतो तो टिकतो. कुष्ठरोगाच्या जीवाणूनं शेकडो जनुकं गमावली आणि तरीही, किंवा म्हणूनच, हजारो वर्षं तो माणसाबरोबर राहिला. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथल इथं उत्खननात मिळालेल्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा वाटा होता.

त्याच वर्षी भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका इथले जीवाणू ताडून पाहिले गेले. ते ९९.९९५ टक्के एकसारखे निघाले. ढिगाऱ्यासकट! मोडकी जनुकंही चौघांत जवळपास तीच आणि तशीच. म्हणजे पडझड माणसाच्या इतिहासाच्या फार आधी होऊन गेलेली. २००८ मध्ये ओळखला गेलेला याचा सख्खा भाऊ, मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस, हाही बऱ्याचशा त्याच मोडक्या जनुकांचा धनी आहे, आणि या दोघांच्या वाटा जवळपास १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असा अंदाज आहे. दोन भावांच्या घरी तीच भिंत त्याच जागी पडलेली दिसली, तर ती वाटणीच्या आधीच पडली होती असं आपण म्हणू. तसंच हे.

"इतकं मोडल्यावर तो मरत कसा नाही?"

मरत नाही, पण किंमत मोजतो. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जीवाणूला २० तासांच्या आसपास लागतात. कुष्ठरोगाच्या जीवाणूला जवळपास दोन आठवडे! लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीसही जातात, त्याचं मूळ या संथपणात आहे. आशाताईंना दरवर्षी तीच दारं का वाजवावी लागतात, ते यावरून कळतं.

या वाटेनं आणखी पुढं गेलेला जीवाणू बघायचा असेल तर शेतात चला. कपाशीवर, ज्वारीवर पडणारा मावा सगळ्यांच्या ओळखीचा. तो झाडाचा रस पितो, पण त्या रसात प्रथिनं बांधायला लागणारे कित्येक घटक नसतात. ते त्याला पोटातल्या खास पेशींत राहणारा बुकनेरा नावाचा जीवाणू पुरवतो. ही सोबत दहा कोटी वर्षांहून जुनी. बुकनेराचं गुणसूत्र २००० साली वाचलं गेलं तेव्हा अक्षरं निघाली फक्त ६ लाख ४० हजार. तिथं ढिगाराही फारसा उरलेला नाही. वाडा पडला, माती वाहून गेली, चौथऱ्यावर दोन खोल्या तेवढ्या उभ्या आहेत. माव्याला लागणारं अन्न बनवायची जनुकं मात्र त्या दोन खोल्यांत जपलेली. तो घटक मिळाला नाही तर मावा मरेल आणि माव्याबरोबर बुकनेराही.

कुष्ठरोगाचा जीवाणू त्या वाटेवर मध्येच कुठंतरी आहे. भिंती पडल्यात, पण दगड अजून जागेवर आहेत, म्हणून इथं काय होतं ते वाचता येतं.

एकाच जनुकाची दोन दुःखं

हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल तर औषधांकडे या. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड नावाचं जुनं, स्वस्त, गुणकारी औषध आहे. ती गोळी पोटात जाते तेव्हा निरुपद्रवी असते. क्षयाच्या जीवाणूतलं कॅटजी हे जनुक एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, बनवतं आणि ते विकर या औषधाला जागं करतं. जीवाणू स्वतःच्या हातानं विषाच्या बाटलीचं बूच उघडतो म्हणा ना.

कुष्ठरोगाच्या जीवाणूत कॅटजी हे मोडकं जनुक आहे. बूच उघडणाराच नाही. त्यामुळं इतका जवळचा भाऊबंद असूनही आयसोनियाझिड कुष्ठरोगावर चालत नाही. लाखो वर्षांपूर्वी, औषध जन्माला यायच्या कितीतरी आधी, न लागणारं म्हणून मोडलेलं एक जनुक आज आपल्या गोळीला निकामी करून बसलंय.

आणि क्षयाच्या जीवाणूत? तिथं तेच जनुक आज, आपल्यासमोर बिघडतंय. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या क्षयाच्या जंतूंमध्ये फार वेळा कॅटजीमधलं एखादं अक्षर बदललेलं सापडतं. मुंबईसारख्या शहरात औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्यामागं असं एखादं अक्षर असतं. क्षयाचा जीवाणूही प्रतिकार शेजाऱ्याकडून उसना आणत नाही, स्वतःच्याच गुणसूत्रातल्या चुकांतून मिळवतो.

म्हणून औषधं एकटी देत नाहीत. ढोबळ हिशोब असा: आयसोनियाझिडला पुरून उरणारा बदल साधारण दहा लाख जीवाणूंत एकात आपोआप आढळतो, रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधासाठी दहा कोटींत एकात. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जीवाणू सहज असू शकतात, म्हणजे एकच औषध दिलं तर वाचणारा तिथं आधीच बसलेला आहे. दोन्ही बदल एकाच जीवाणूत एकदम असण्याची शक्यता शंभर लाख कोटींत एक. तेवढे जीवाणू कुणाच्याच शरीरात नसतात. कुष्ठरोगासाठीही १९८१-८२ पासून डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन एकत्र दिली जातात, त्यामागं हाच हिशोब. सरकारी दवाखान्यात हे पाकीट मोफत मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं असतं. मधेच सोडू नका असं डॉक्टर जीव तोडून सांगतात, ते या शंभर लाख कोटींसाठी.

"गेलेली जनुकं परत येतील का?"

एखादं अक्षर उलट फिरून परत पूर्ववत होणं शक्य असतं. पण एकदा जनुक मेलं की त्यात दुसरी चूक होते, मग तिसरी, मग तुकडा गळतो. चार-पाच ठिकाणी फुटलेला माठ एक भोक बुजवून पाणी धरत नाही. उसनं आणायला शेजार नाही हे वर पाहिलंच. तेव्हा कुष्ठरोगाचा जीवाणू पुन्हा मातीत राहायला जाईल असं नाही.

पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर

आता लॅबमधल्या काचेच्या बशीकडे येऊ. हॅन्सन यांच्या शोधाला दीडशे वर्षं होऊन गेली, हा जीवाणू अजूनही बशीत वाढवता येत नाही. आपण बशीत साखर, मीठ, प्रथिनं घालतो, पण ती वापरायला लागणारी हत्यारं त्याच्याकडे उरलेली नाहीत, आणि जिवंत पेशी त्याला नक्की काय काय पुरवते ते सगळं बशीत मांडता येत नाही.

या अडचणीची धग आपल्याकडे वरोऱ्यापर्यंत पोचली होती. आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांनी, संशोधन पुढं सरकावं म्हणून, हे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते. रोग त्यांना झाला नाही. बहुतेक माणसांचं शरीर या जीवाणूला दाद देत नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि कुष्ठरुग्णाला वाळीत टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर ते घातलं पाहिजे.

१९६० मध्ये उंदराच्या तळपायात हा जीवाणू थोडाफार वाढतो असं दिसलं. १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्मडिलोत तो भरपूर वाढला. अंगावर चिलखत असलेला हा अमेरिकेतला प्राणी आपल्या खवले मांजराची आठवण करून देतो, नात्यानं मात्र वेगळा. त्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा कमी, आणि या जीवाणूला गारवाच मानवतो. आपल्यातही तो कानाच्या पाळ्या, नाक, हातापायांची टोकं धरतो. २००१ मध्ये वाचलं गेलेलं गुणसूत्र आर्मडिलोत वाढवलेल्या जीवाणूंचंच होतं.

बशीत वाढत नाही, म्हणून औषध लागू पडतंय का हेही बशीत तपासता येत नाही. आता रुग्णाच्या त्वचेच्या कणभर नमुन्यातून ठरावीक तीन जनुकांची अक्षरं थेट वाचतात आणि बदल आहे का ते पाहतात. आणि नमुन्यात हा जीवाणू आहे की नाही हेच शोधायचं असेल, तर प्रयोगशाळा बहुधा आरलेप नावाचा एक तुकडा शोधते. हा तुकडा त्याच्या गुणसूत्रावर ३७ ठिकाणी विखुरलेला आहे, तेव्हा एखाद-दुसरा जीवाणू असला तरी सापडायची आशा असते. गोधडीचे तुकडे उसवून त्यांचा क्रम बदलला ना, त्यामागं अशाच जागोजाग बसलेल्या सारख्या मजकुरांचा हात होता: दोन ठिकाणचा मजकूर सारखा असला की नक्कल करताना धागा चुकीच्या जागी जुळतो आणि मधला भाग उलटतो किंवा निखळतो. पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं वहीत ३७ हा आकडा लिहून त्याला दोनदा गोल केला.